शाल्मलीबाईंनी विद्येचे गड मागितले त्याची बखर

विघ्नहर्त्यास नमस्कार, विद्यादेवीस नमस्कार, आणि प्रवेशाचे नियम ज्याने केले त्यास दुरूनच नमस्कार. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, आषाढमासी वर्तमान वर्तले ते ऐसे जे, एका मुलखी विश्वंभरराव नामे जहागीरदार होते, जहागीर म्हणाल तर तीन खोल्या व गच्ची, परंतु रुबाब थोर. त्यांची कन्या शाल्मलीबाई बुद्धीने तल्लख, परीक्षेच्या रणात शंभरांतील अठ्ठ्याण्णवांस मागे टाकून आलेली, आणि पूल बांधण्याची विद्या घ्यावी ऐसे तिचे मनी बाळपणापासून होते. मग सरकारचे फर्मान आले की, विद्येचे गड, ज्यांस हल्लीचे लोक कॉलेज म्हणतात, ते ज्याने त्याने पसंतीच्या क्रमाने लिहून मागावे. पहिला लिहिलेलाच मिळाला तर तोच घ्यावा, मागुती दुसरा मागू नये. खालचा मिळाला तर तो राखून वरच्याची वाट पाहावी. आणि एकही न मिळाला तर रिकामे हाते बसावे.

शाल्मलीबाईंनी तीनच गड लिहिले, तीनही राज्यात अत्युच्च, आणि बोलिल्या, "एवढे गुण मिळवून खालच्यांना कशाला विचारू?" ते ऐकोन रावांचे धाबे दणाणले. गतवर्षी शेजारच्या चिरंजीवाने ऐसेच केले आणि वर्षभर घरी बसला, हुशार असोनही. मग राव म्हणाले, "लग्नाची पहिली पत्रिका कुळस्वामिनीला जाते, तशी या यादीतही देवी पहिली. टेकडीवरचं तिच्या नावाचं कॉलेज तुला नक्की मिळतं. ते वर लिही, खाली तुझी तीन." आणि स्वहस्ते देवीचा गड अव्वल मांडिला, आणि जितं मया म्हणोन चहा मागितला.

तो मातोश्री वत्सलाबाई चहा घेऊन आल्या, आणि यादी पाहोन कप तैसाच हाती राहिला. "अहो, पहिलं मिळालं की तेच घ्यायचं, वाचलंत ना? पंगतीच्या सुरुवातीलाच ताकभात वाढताय!"

"सुरुवातीला वरणभात असतोच की."

"असतो. पण वरणभात खाल्ला म्हणून पानावरून कुणी उठवत नाही. इथे पहिला घास घेतला की हात धुवायचाय." मग बाई कन्येकडे वळल्या, "आणि तू गं, नुसती श्रीखंडाची वाटी मांडून बसलीस. श्रीखंड संपलं तर उपाशी उठशील."

मग मोठी मसलत जाहली, आणि तीन उंच गड वरी राहिले, आणि त्याखाली ऐसे गड लिहिले जेथे एवढ्या गुणांची मुले मागील साली प्रवेश पावली होती, आणि देवीचा गड तळास नेला. तरी बाईंनी अट घातली, "शेवटचं आधी बघून ये. तिथे रडत जाणार असशील तर लिहूच नको." शाल्मलीबाई टेकडीवर गेल्या, आणि तेथील मुले लाकडी पुलावर वजने ठेवून तो कोठे मोडतो ते पाहात होती, आणि त्या तेथेच बसोन राहिल्या, जेवणाची वेळ टळली. घरी येऊन म्हणाल्या, "इथेही चालेल, आई." तेव्हा सर्वांचे छातीवरचा धोंडा उतरला, आणि यादी रवाना केली.

निकालाचे दिवशी वरच्या तीनही गडांनी दरवाजे लाविले, आणि चौथा मिळाला, नदीकाठचा, पुलांच्या विद्येत नामांकित, परंतु दूर. शाल्मलीबाईंनी आरोळी दिली, वत्सलाबाईंनी साखर वाटली, आणि ऐसे हलके घर कित्येक महिन्यांत कोणी पाहिले नव्हते. राव मात्र गच्चीवर जाऊन उभे राहिले. कन्या मागोमाग गेली. "आबा, काय झालं?"

"देवीचं निमित्त होतं गं," राव बोलिले. "टेकडीवर गेली असतीस तर रोज संध्याकाळी घरी आली असतीस."

कन्येने त्यांचा हात धरिला. "मी शनिवारी येत जाईन. माझा ताकभात राखून ठेवा."

येणेप्रमाणे चौथा गड फत्ते जाहला, वर्ष वाया गेले नाही, आणि शनिवारचे ताक विश्वंभरराव हल्ली स्वतः घुसळितात.