ओढ्यापलीकडची चुंबक शाळा

चौसाळ्याच्या बाजारापासून जीपने अर्ध्या तासावर असलेल्या टाकळखडी गावात सरकारी शाळा दोन आहेत. एक गावात, एक वस्तीवर. मध्ये एक ओढा आहे आणि त्यात पाणी नसते. गावातली मुले गावातल्या शाळेत जातात, वस्तीवरची वस्तीवरच्या. चाळीस वर्षांत एकाही मुलाने चुकूनसुद्धा ओढा ओलांडलेला नव्हता. याला टाकळखडीत कोणी जात म्हणत नाही. जात संपल्याचा ठराव ग्रामपंचायतीने पूर्वीच एकमताने केलेला आहे. याला भूगोल म्हणतात.

दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी 'स्वेच्छा सहशिक्षण योजना' आली. सक्ती करायची नाही, कोणाच्या भावना दुखवायच्या नाहीत. वस्तीवरची शाळाच इतकी आकर्षक करायची की गावातली मुले आपण होऊन तिकडे ओढली जातील. अशा शाळेला परिपत्रकात 'चुंबक शाळा' असे नाव होते. विस्तार अधिकारी सिद्धलिंग महाजन हे समजावून सांगायला आले तेव्हा सोबत एक खरा चुंबक आणि मूठभर टाचण्या घेऊन आले. टाचण्या चटकन चिकटल्या. पालक जागचे हलले नाहीत.

बद्रीनाथ आबा हे सेवा सोसायटीचे चेअरमन होते, आणि त्यामुळे साहजिकच दोन्ही शाळांच्या समित्यांचे अध्यक्ष. ते हात जोडून म्हणाले, "सायेब, आमच्या मनात काय बी न्हाई. पर लेकरं लहान हायत आन् ओढा लई अवघड हाय."

ओढ्याची खोली गुडघाभर होती. त्याच्या पलीकडेच सोसायटीची चारा छावणी होती. तिथे गावाची आणि वस्तीची जनावरे एका दावणीला उभी राहून एकच चारा खात, आणि त्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती. जनावरांना भावना नसतात, हे दोन्ही बाजूंना मान्य होते.

वस्तीवरच्या शाळेला रंग आला, दहा संगणक आले, भिंतीवर इंग्रजी बाराखडी आली. चार महिने गेले. एकही टाचणी चिकटली नाही. मग शाळेच्या आवारात बोअर घेतला आणि त्याला पाणी लागले. त्या सुमारास गावात टँकर नवव्या दिवशी येत होता. महाजन अनुभवी माणूस. मंजुरीपत्रात 'विद्यार्थ्यांस शुद्ध पेयजल' असे होते. त्यात त्यांनी 'व त्यांच्या घरास' एवढे शब्द स्वतःच्या हाताने घातले. ज्याचे मूल पटावर, त्याला रोज वीस लिटरचा एक जार.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओढा सोपा झाला.

शनिवारपर्यंत गावातून एकशेदहा अर्ज आले. गावात शाळेच्या वयाची मुले अडुसष्ट होती. उरलेले अर्ज पाळण्यातल्यांचे, एक अजून पोटात असलेल्याचे आणि एक गहिनीनाथचे. गहिनीनाथ एक्केचाळीस वर्षांचा. त्याची चौथी अर्धवट राहिली होती आणि ती पुरी करण्याची तळमळ त्याला याच आठवड्यात लागली होती. समता, बंधुता आणि एकत्र बसून शिकण्याचा आनंद यांवर आबांनी दोन भाषणे केली. दोन्ही भाषणे पाणी पीत पीत केली.

वस्तीवरच्या बायनाबाईला या गर्दीचे बरेच वाटले. तिची नात सुकेशनी नुकतीच चौथीत गेली होती. दसऱ्यानंतर सगळी वस्ती ऊसतोडीला जाई, पोरीचे आईबापही जात. शाळा दारात आहे, एवढ्याच भरवशावर बायनाबाई नातीला मागे ठेवून घेई. शाळा नसती तर पोर फडात उसाच्या शेंड्यांच्या, म्हणजे वाढ्याच्या, मोळ्या बांधायला गेली असती, जशी तिची आई गेली होती आणि आईची आई. गावातली लेकरं आली तर मास्तर रोज येईल, असा म्हातारीचा साधा हिशेब होता. तो बरोबर निघाला. मास्तर रोज येऊ लागला.

अडचण जागेची झाली. शाळेत ऐंशी मुले बसत. वस्तीची बत्तीस, गावची एकशेदहा. कोणाला घ्यायचे हे ठरवण्यासाठी आबांनी पालकांची सर्वसाधारण सभा बोलावली. ती दिवाळीनंतर बोलावली, म्हणजे वस्ती फडावर असताना, आणि नोटीस लावली सोसायटीच्या फळ्यावर.

आबांना सभा एकाच पद्धतीने घेता येत असे. अकरा वाजता सचिव रामहरी यांनी कोरम नसल्याचे जाहीर केले. सभा तहकूब झाली. तहकूब सभा अर्ध्या तासाने त्याच जागी भरते आणि तिला कोरम लागत नाही. सोसायटीत हे वीस वर्षे चालत आलेले होते. आजवर एकही सभा पहिल्या फेरीत झाली नव्हती. अर्धा तास चहा झाला. साडेअकराला आबा, रामहरी आणि भावकीतले पाच जण यांनी ठराव केला, की प्रवेशात 'क्रियाशील पालकां'च्या पाल्यांना प्राधान्य राहील, आणि जो पालक सर्वसाधारण सभेला हजर तो क्रियाशील. मग गावातले सगळे पालक हजर असल्याची नोंद झाली. त्यांची नावे सोसायटीच्या सभासद यादीवरून उतरवून घेतली असल्यामुळे वेळ वाचला.

बायनाबाई साडेदहापासून दाराशी बसून होती. ती म्हणाली, "आबा, मी हाय की हजर. आमच्या सुकेशनीचं नाव लावा."

"तू आजी हायस, बायनाबाई. आजी पालकात बसत न्हाई. कायदा हाय तसा."

"मंग तुमच्या नातवाच्या अर्जावर सही कुनाची हाय?"

आबांनी रामहरींकडे पाहिले. रामहरींनी रजिस्टर चाळले आणि सांगितले, "ती सही पदसिद्ध हाय."

वस्तीची बत्तीस मुले अक्रियाशील ठरली. त्यांना कोणी काढले नाही; योजनेत सक्तीला जागाच नव्हती. त्यांना पर्याय देण्यात आला. एक, प्रतीक्षा यादी. दोन, गावातली शाळा, जी आता रिकामी होती आणि, आबांच्या शब्दांत, लई हवेशीर होती. रिकामी म्हणजे अगदी रिकामी नव्हती. वर्गांमध्ये छावणीचा चारा रचलेला होता. चाऱ्याला ऊन लागू नये म्हणून चारा आत आणि मुले व्हरांड्यात. मास्तर मात्र नव्हता. इथला मास्तर पटाबरोबर ओढ्यापलीकडे गेला होता.

महाजनांनी अहवाल लिहिला. योजनेपूर्वी ओढा ओलांडून शिकायला जाणारी मुले शून्य. योजनेनंतर गावची सगळी तिकडे जातात, वस्तीची सगळी इकडे येतात. ओढा ओलांडण्याचे प्रमाण शंभर टक्के. असा आकडा विभागात कुठेच नव्हता. टाकळखडी नमुना गाव ठरले आणि आबांना शाल मिळाली.

रोज सकाळी दहा मिनिटे दोन्हीकडची मुले ओढ्याच्या वाळूत समोरासमोर येत. काही एकमेकांना नावाने हाका मारू लागली, दोघी-तिघी वाळूत खेळत बसल्या. हे समितीच्या कानावर गेले. गर्दी टाळण्यासाठी गावातल्या शाळेची वेळ अर्ध्या तासाने पुढे ढकलण्यात आली.

मास्तराविना शाळा महिनाभर चालली. मग आजी-आजोबांकडे मागे राहिलेली मुलेही एकेक करून आईबापांकडे फडावर गेली. पटावर त्यांच्या नावापुढे 'स्वेच्छेने' असे लिहिले गेले. सुकेशनी एकटी व्हरांड्यात तिसरीचे पुस्तक पुन्हा वाचत बसू लागली, तेव्हा बायनाबाई तिला घेऊन तालुक्याच्या ऑफिसात गेली आणि महाजनांना म्हणाली, "सायेब, दुसरं काय न्हाई मागत. पोरगी कुटं बसवू तेवडं सांगा."

महाजन मनाने वाईट नव्हते. ते म्हणाले, "बाई, योजना स्वेच्छेची आहे. मी कुणाला हुकूम देऊ शकत नाही. विचारू शकतो."

त्यांनी खरोखरच विचारले. बीडच्या, संभाजीनगरच्या, पुण्यामुंबईच्या चांगल्या शाळांमधल्या चौदाशे पालकांना पत्र गेले: अशी एक मुलगी आपल्या मुलाच्या वर्गात बसण्यास आपली संमती आहे काय? चौदाशेच्या चौदाशे उत्तरे आली आणि सगळी होकारार्थी आली. एकानेही नाही म्हटले नाही. उलट, हा प्रश्न विचारावा लागतो याचीच अनेकांना लाज वाटली. फक्त कोणाच्या शाळेची बस त्या बाजूला जात नव्हती, कोणाच्या शाळेचे प्रवेश बंद झाले होते, कोणाला मुलीलाच तिथे अवघडल्यासारखे होईल याची काळजी होती, आणि पुष्कळांनी सुचवले की खरे तर अशा मुलांसाठी त्यांच्याच गावात एखादी उत्तम शाळा काढली पाहिजे.

महाजनांनी गठ्ठ्यातले सर्वांत वरचे पत्र बायनाबाईच्या हाती ठेवले, कार्यवाही झाल्याचा पुरावा म्हणून. ते तुमचे होते.

दोन दिवसांनी ऊसतोड टोळीचा ट्रॅक्टर आला. भांड्यांच्या पोत्यावर बसून सुकेशनीने तुमचे पत्र मोठ्याने वाचले. अक्षर सुरेख होते, ती कुठे अडली नाही. वाचून झाल्यावर तिने विचारले, "आजी, ह्यांनी तर हो म्हनलंय. मंग आपुन कावून चाललो?"

बायनाबाईला वाचता येत नाही. सुकेशनीला सांगायचे तर तुम्हालाच सांगावे लागेल.