ताईंच्या कोऱ्या चौकटी

आमच्या शाळेतल्या विशेष शिक्षिकेला दिवसभर काहीही काम नसतं, हे मी कुणाच्या वाईटावर असल्यामुळे सांगत नाही. शिक्षकांच्या खोलीत भिंतभर पसरलेल्या फळ्यावर वेळापत्रक लिहिलेलं आहे, त्यावरूनच ते सिद्ध होतं. प्रत्येक शिक्षकाची एक ओळ, प्रत्येक तासाची एक चौकट. गणिताच्या सरांची ओळ गच्च भरलेली, भाषेच्या बाईंची भरलेली, कवायतीच्या सरांचीसुद्धा भरलेली. सगळ्यात खाली विशेष शिक्षिकेची ओळ. ती या टोकापासून त्या टोकापर्यंत धुतलेल्या चादरीसारखी कोरी.

याला कारण आहे आणि ते नियमाला धरून आहे. आमची शाळा सर्वसमावेशक आहे. फाटकावर तसा फलकच आहे. ज्या मुलांना शिकताना वेगळी मदत लागते त्यांना वेगळ्या खोलीत न कोंडता सगळ्यांबरोबर बसवायचं आणि मदत करणाऱ्यानं त्यांच्या शेजारी जाऊन बसायचं, असा त्याचा अर्थ. विशेष शिक्षिका, म्हणजे आम्हा सगळ्यांच्या ताई, तेच करतात. पण त्या ज्या तासाला जाऊन बसतात तो तास गणिताच्या सरांचा असतो. चौकट सरांची. एका चौकटीत एकच नाव, हा वेळापत्रकाचा मूळ नियम आहे आणि तो मोडला तर उद्या एका खुर्चीवर दोन मुख्याध्यापिका बसायला येतील. म्हणून ताई दिवसभर दुसऱ्यांच्या चौकटीत राबतात आणि स्वतःच्या चौकटीत मोकळ्या असतात.

मी कोण, तेही सांगून टाकतो. मी पालक संघाचा कार्यवाह. समाजकार्याची मला पहिल्यापासून आवड आहे आणि घरात माझं फारसं काम पडत नाही. माझी मुलगी ज्या वर्गात आहे त्याच वर्गात भिंगरी आहे. आनंद झाला की ती जागच्या जागी गोल फिरते, म्हणून मुलांनीच तिला हे नाव दिलं आणि तिलाही ते आवडतं. ती बोलते कमी. गोंगाट वाढला की कानांवर हात ठेवून बाकाखाली जाते. तिची आई कपडे शिवते. आईच्या दुकानातली बटणं थैलीत घालून भिंगरी शाळेत येते आणि ताई तिच्या शेजारी एका बुटक्या खुर्चीवर बसून त्या बटणांवर तिला वजाबाकी शिकवतात. अर्धी बटणं भिंगरीची, अर्धी ताईंची. वर्षाच्या सुरुवातीला ती नुसती रंगांप्रमाणे रांगा लावायची. मग एक दिवस ताईंनी तिच्या बटणांतली दोन उचलली तेव्हा तिनं उरलेली मोजली, आकडा मोठ्यानं सांगितला आणि उठून गोल फिरली. आमची मुलगी घरी येऊन हे सांगताना स्वतःच दोन गिरक्या घेऊन मोकळी झाली.

तर अशा या ताई कागदोपत्री रिकाम्या. आणि रिकाम्या माणसाला काम देणं हे कोणत्याही चांगल्या कार्यालयाचं कर्तव्यच असतं. भाषेच्या बाईंना दाढदुखी झाली, त्यांचा तास ताईंकडे. पाण्याची टाकी धुवायला माणूस आला, त्याच्यावर लक्ष ठेवायला ताई. पाहुणे आले, त्यांना शाळा दाखवायला ताई. सर्वसमावेशक शाळा बघायला आलेल्या एका मंडळाला ताईंनी सगळी शाळा फिरवून दाखवली, फक्त भिंगरीचा वर्ग दाखवता आला नाही, कारण भिंगरी तेव्हा बाकाखाली होती. ताई शेजारी नसल्यामुळे ती बाकाखाली होती आणि पाहुण्यांबरोबर असल्यामुळे ताई शेजारी नव्हत्या. यात कुणाचीच चूक काढता येत नाही, हे मला विशेष वाटतं.

गणिताचे सर माणूस सज्जन. त्यांनी बरेच दिवस बाकाखालच्या विद्यार्थिनीलाही हजर धरलं. शेवटी त्यांनी मुख्याध्यापिकांना सांगितलं की वर्ग सांभाळू की बाकाखाली वाकून बघू, एक काय ते ठरवा. मुख्याध्यापिकांनी भिंगरीच्या आईला बोलावून घेतलं. वर्षअखेरीपर्यंत मुलगी गणिताचा तास पूर्ण बसू शकली तर ती याच वर्गातून पुढे जाईल, नाहीतर तिला विशेष मुलांच्या शाळेत घालावं लागेल, असं त्यांनी अत्यंत मायेनं सांगितलं. ती शाळा शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे. मुलीची ने-आण करायची तर आईला दुकान बंद करावं लागलं असतं. आई म्हणाली की ताई शेजारी असल्या की ती बसते. मुख्याध्यापिका म्हणाल्या की ताई तर दिवसभर मोकळ्याच असतात, मग अडचण कुठे आहे? इथेच घोडं पेंड खात होतं.

ताईंना बोलावलं गेलं. त्या टाकीवरून आल्या होत्या, साडीचा काठ ओला होता. त्यांनी एकच मागणी केली.

"बाई, मला काही नको. मी जिथे असते तिथे आहे, एवढं फळ्यावर लिहा."

मुख्याध्यापिकांचे डोळे पाणावले, हे मी स्वतः पाहिलं. त्या म्हणाल्या की इतकी वर्षं ही बाई कोऱ्या चौकटींत काम करते आहे आणि आपण तिला साधा आधार देऊ शकलो नाही. मलाही भरून आलं. चौकटीत दोन नावं लिहिणं नियमात बसत नव्हतं, पण समिती नेमणं बसत होतं. त्याच दिवशी 'विशेष शिक्षक आधार समिती' अस्तित्वात आली. मुख्याध्यापिका अध्यक्ष, मी कार्यवाह, भाषेच्या बाई सदस्य आणि शाळेजवळ राहणारे एक निवृत्त अधिकारी सल्लागार. या अधिकाऱ्यांनी उभ्या हयातीत ठरावांचे मसुदे केलेले असल्यामुळे त्यांना 'आज ऊन आहे' असं साधं वाक्य म्हणता येत नाही. ते 'आज ऊन असल्याचे निदर्शनास येते' असं म्हणतात.

बैठक कधी घ्यायची हा प्रश्न चुटकीसरशी सुटला. गणिताच्या तासाला भाषेच्या बाई मोकळ्या असतात, माझा नाश्ता उरकलेला असतो, अधिकाऱ्यांची झोप अजून सुरू व्हायची असते आणि ताईंची चौकट तर कोरीच. ताई म्हणाल्या की त्या वेळी त्यांना भिंगरीजवळ बसायचं असतं. अधिकारी समजुतीच्या स्वरात म्हणाले, "अहो ताई, त्याचसाठी तर आपण बसतोय."

पहिल्या बैठकीत ताईंना किती काम पडतं यावर साधकबाधक चर्चा झाली. ताईंनी मधे दोनदा दाराकडे पाहिलं, यावरून त्यांच्या मनावर ताण असल्याचे निदर्शनास आलं. दुसऱ्या बैठकीत तणावमुक्तीसाठी तज्ज्ञ बोलवायचं ठरलं. तज्ज्ञ आले, तेही गणिताच्याच तासाला. त्यांनी ताईंना डोळे मिटायला लावून एका निवांत तळ्याची कल्पना करायला सांगितली. ताईंना गाढ झोप लागली. तज्ज्ञांनी आयुष्यात इतकं यश कधी पाहिलं नव्हतं, त्यामुळे त्यांनी हे शिबिर दर आठवड्याला घेण्याची तयारी दाखवली आणि ती आम्ही कृतज्ञतापूर्वक स्वीकारली.

याच काळात घरी जेवताना मुलगी सांगू लागली की भिंगरी हल्ली बटणं काढते, अर्धी आपल्यापुढे ठेवते आणि अर्धी ताईंच्या रिकाम्या खुर्चीवर ठेवते. मग दाराकडे बघत बसते. कुणी खुर्चीला हात लावला तर ओरडते. तास संपत आला की बाकाखाली जाते. मी तिला समजावलं की आम्ही ताईंसाठीच झटतो आहोत. मुलगी म्हणाली, "मग त्यांना वर्गात का नाही येऊ देत?" लहान मुलांना प्रक्रिया समजत नाही. बायकोला मात्र समजायला हरकत नव्हती, पण तीही वाढता वाढता म्हणाली, "भीक नको पण कुत्रं आवर, तसं झालंय त्या बिचारीचं." बायको कोणत्याच समितीवर नाही, त्यामुळे तिला असं बोलणं परवडतं.

तरीही मी हा मुद्दा बैठकीत मांडला, कारण मी पक्षपाती माणूस नाही. ताईंची मूळ मागणी चौकटी भरण्याची होती आणि त्या अजून कोऱ्याच होत्या, याची मी आठवण करून दिली. सगळे एकदम गंभीर झाले. अधिकारी म्हणाले की ही बाब अक्षम्य आहे. मुख्याध्यापिका म्हणाल्या की आजच्या आज भरू. आणि खरोखर भरल्या. दोन नावांचा नियमही मोडावा लागला नाही, कारण ताईंच्या स्वतःच्या ओळीत ताईंचीच कामं लिहायला कुणाची हरकत असणार? सोमवारी आधार बैठक, मंगळवारी तणावमुक्ती, बुधवारी मार्गदर्शन, गुरुवारी त्या मार्गदर्शनाचा काही उपयोग झाला का यावर मनोगत, शुक्रवारी विश्रांती. विश्रांती शिक्षकांच्या खोलीतच घ्यायची होती, म्हणजे मधे कुणी बोलावलं तर सापडतील. उरलेल्या चौकटींत टाकी आणि पाहुणे रीतसर नोंदवले. माझं अक्षर बरं असल्यामुळे सगळं मीच लिहिलं, हिरव्या शाईनं.

ताई फळ्यासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. आम्हाला वाटलं, त्यांना आनंद आवरत नसावा.

"यात भिंगरी कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

अधिकाऱ्यांनी शांतपणे समजावलं की हे वेळापत्रक शिक्षकांचं आहे, त्यात विद्यार्थ्यांची नावं कधीच नसतात. ताईंनी फळ्यावरून हात फिरवला, पण शाई पक्की होती.

त्यानंतर त्यांचा सत्कार झाला. सभागृह भरलेलं होतं, ध्वनिक्षेपक लावला होता आणि समावेशनाची साक्ष म्हणून भिंगरीला पहिल्या रांगेत बसवलं होतं. ताईंना दोन शब्द बोलायला सांगितलं. त्या म्हणाल्या, "हा सत्कार परत घ्या आणि मला तो गणिताचा तास द्या. ती रोज माझी वाट बघते." सगळं सभागृह उभं राहिलं. एवढा कडकडाट त्या सभागृहानं पूर्वी ऐकला नव्हता. मी तर हात लाल होईपर्यंत टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबल्या तेव्हा पहिल्या रांगेतली एक खुर्ची रिकामी दिसली आणि ताईही व्यासपीठावर नव्हत्या. त्या खुर्च्यांमधून वाकून, भिंगरीला कुशीत घेऊन खाली बसल्या होत्या. छायाचित्रकाराला ते दृश्य नीट टिपता आलं नाही, याची सगळ्यांना हळहळ वाटली.

वर्षअखेर अजून दूर आहे, त्यामुळे भिंगरीला शाळेतून काढलेलं नाही, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. तिनं गणिताच्या तासाआधी घरी जावं, एवढीच तात्पुरती सोय केली आहे. आई दुकान बंद करून फाटकाशी येऊन उभी राहते. परवा तिनं मला विचारलं, "ताईंना बरं वाटू दे, त्यांनी फार केलंय माझ्या पोरीसाठी. पण त्यांना बरं वाटून झालं की मला कळवाल ना?" मी कार्यवाह या नात्यानं तिला शब्द दिला आहे.

आता शेवटचं. इथपर्यंत वाचलंत म्हणजे तुम्ही संवेदनशील माणूस आहात. ताईंसाठी काहीतरी करायला हवं, असं तुम्हालाही मघापासून वाटतं आहे, ते मला ठाऊक आहे. गणिताचा तास आला की ताईंना वर्गात बसू द्यावं, कुणी मधे बोलावू नये, एवढ्यावर तुमचंही समाधान होणार नाही. तुम्हालाही काहीतरी भरीव करावंसं वाटेल. अशाच माणसांची आम्हाला गरज आहे. समितीचा विस्तार करायचं ठरलं आहे आणि पुढच्या बैठकीचं तुम्हाला आग्रहाचं निमंत्रण आहे. वेळ तीच, सगळ्यांच्या सोयीची.

बसायला मिळेल की नाही, ही काळजी करू नका. खुर्च्या कमी पडत होत्या, म्हणून मी वर्गातून एक उचलून आणली आहे. जरा बुटकी आहे, पण एका बाकाशेजारी नुसतीच पडून होती. तिच्यावर काही बटणं मांडून ठेवलेली होती, तेवढी तुमच्यासाठी बाजूला केली आहेत.