संगमेश्वरचं सिबिल कोणी खाल्लं?

भारतवर्षातली गुन्हेगारी मुळासकट उपटून टाकू शकेल असा एकच मेंदू सध्या हयात आहे आणि तो लातुरात, औसा रोडवर, एका झेरॉक्सच्या दुकानाच्या माडीवर बसतो. हे वाक्य माझं नाही. डिटेक्टिव्ह अमरेश यांनी स्वतःविषयी सांगितलं आणि मी ते त्यांच्या जाहिरातीसाठी लिहून घेतलं. ‘मेंदू’च्या आधी ‘तल्लख’ घालायचा राहिला म्हणून माझा चहा बंद झाला. पगार आधीपासूनच बंद होता, त्यामुळे बंद करण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

मी त्यांचा सहायक. एरवी एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर मराठी शिकवतो, म्हणजे फुकट राबण्याचा अनुभव होताच. अमरेश पूर्वी विमा कंपनीसाठी ठोकलेल्या ट्रॅक्टरांची पाहणी करत. एकदा त्यांनी चुकून शेजारी उभा असलेला धडधाकट ट्रॅक्टर भंगारात काढला. मालकाने तो चालतो हे दाखवण्यासाठी अमरेश यांच्याच मागे पळवला. तेव्हापासून अमरेश गुन्हेगारांच्या मागे आहेत.

त्या दिवशी गंजगोलाईतला किराणा दुकानदार संगमेश्वर आणि त्याची बायको शिवकांता माडी चढून आले.

“सर,” संगमेश्वर खुर्चीत कोसळत म्हणाला, “माझं सिबिल कोणीतरी खाल्लं.”

सिबिल म्हणजे बँकांनी आपल्याला दिलेले मार्क. लातुरात माणसाची किंमत मार्कांवर ठरते. बारावीतून सुटलो असं वाटत असतानाच ही दुसरी परीक्षा सुरू होते, आणि हिची शिकवणी अजून कोणी काढलेली नाही.

प्रकरण असं होतं. शिवकांता ज्वारीच्या कडक भाकरी आणि शेंगाचटणी करून विकते. नांदेडच्या एका मोठ्या मेसने तिला रोजची ऑर्डर दिली होती. कडक भाकरीचा गुण असा की ती महिनाभर टिकते. दोष असा की एसटीत टिकत नाही. अहमदपूरला तिची अर्धी होते, लोह्याला चतकोर, आणि नांदेडला पोतं उघडलं की आत पीठ. मेसवाल्याने फोनवर शेवटचं सांगितलं होतं, “भाभी, पोरं चमच्यानं भाकर खाऊन राहिले. पुन्हा चुरा आला तर बात खतम.”

म्हणून दोघांनी नांदेडच्या एका डीलरकडे जुनी व्हॅन पाहून ठेवली होती. डीलर शनिवारपर्यंत थांबणार होता. मग गाडीही जाणार आणि तिच्या मागोमाग ऑर्डरही. कर्ज मात्र कोणी देईना. पाच ठिकाणी नकार मिळाला होता.

“दुकानाच्या फर्निचरचं एक कर्ज चालू हाय,” संगमेश्वर म्हणाला. “हप्ता पाच तारखेला खात्यातून आपोआप कटतो. मी दोन-तीन तारखेलाच पैसे भरून ठेवतो. तरी फायनान्सच्या मॅडम म्हनत्यात, हप्ता वापस जालाला, खात्यात पैसेच नसतेत. आन् मग आठ दिवसांच्या आत कोणीतरी येऊन दंडासकट भरून जातंय!”

“कधीच वेळेवर कटत नाही?”

“वर्षात एखाद-दुसऱ्या वेळेस कटतो.”

अमरेश खिडकीपाशी गेले. खाली एक म्हैस उभी होती. तिच्याकडे बराच वेळ रोखून पाहत ते म्हणाले, “आधी चोरतो, मग दंड भरून परत करतो. म्हणजे गुन्हेगाराला सदसद्विवेकबुद्धी आहे. अर्थात तो बाहेरच्या जिल्ह्यातला आहे.”

“पासबुक बघितलं तर?” शिवकांताने विचारलं. “सासऱ्यांकडं असतंय ते. कार्ड बी.”

“ताई, पासबुक बघून केस सोडवायला मी काय कारकून आहे?”

“आन् अप्पांना यात ओढू नका,” संगमेश्वर घाईने म्हणाला. “कर्जाचं नाव काढलं की बीपी वाढतंय त्यांचं.”

तपास सुरू झाला. अमरेश यांचा पहिला सिद्धांत होता आंतरराष्ट्रीय सायबर टोळीचा. समुद्रापलीकडे बसलेले चाळीसएक इंजिनियर रात्रंदिवस गंजगोलाईतल्या एका किराणा दुकानाचा हप्ता चुकवण्यात गुंतले आहेत, असं त्यांनी नकाशावर टाचण्या टोचून सिद्ध केलं. नकाशा महाराष्ट्राचा होता, त्यामुळे टोळी भिंतीवर आली. मग वर्षातला एखादा हप्ता बरोबर कसा कटतो, असं मी विचारलं.

“टोळीला सुट्ट्या नसतात का?” ते म्हणाले. माझ्या महाविद्यालयाचा विचार करता हे पटण्यासारखं होतं.

दुसरा सिद्धांत तोतयाचा. याच नावाचा दुसरा संगमेश्वर गुन्हेगार असणार. आम्ही बाजारात उभं राहून “संगमेश्वर!” अशी हाक मारली. इतके संगमेश्वर वळले की वाहतूक थांबली. त्यातल्या एकाने आम्हाला आयुर्विमा विकला.

तिसरा संशयित वीरण्णा, पलीकडच्या गल्लीतला कडक भाकरीवाला. शिवकांताची गाडी आली तर याचा धंदा बसणार, म्हणजे हेतू पक्का. अमरेश खोट्या मिशा लावून गिऱ्हाईक म्हणून गेले आणि चवीसाठी दिलेली चटणी पुरावा म्हणून संपवत राहिले. वीरण्णा शांतपणे पाहत होता. शेवटी म्हणाला, “अमरेश, मिशी चटणीत पडली बघ. आन् मागची उधारी कवा देतूस?”

“तो घाबरलाय,” बाहेर येऊन, पोट धरून अमरेश म्हणाले.

बुधवार उजाडला. तारीख चार. अमरेश यांनी सगळ्या संशयितांना संगमेश्वरच्या दुकानात गोळा केलं. वीरण्णा उधारीसाठी आला होता. फायनान्सच्या ऋतुजा मॅडम आपण संशयित आहोत हे माहीत नसल्याने चटणी घ्यायला आल्या होत्या. गादीवर संगमेश्वरचे वडील गुरुबसप्पा बसले होते. कपाळावर विभूतीचे पट्टे, समोर तराजू. ते संशयित नव्हते, ते रोजच तिथे बसत.

“गुन्हेगार,” अमरेश हात मागे बांधून फेऱ्या मारू लागले, “या क्षणी याच दुकानात आहे!”

वीरण्णाने खिशातून सुपारी काढली.

“त्याचं नाव ऐकून तुमच्या पायांखालची फरशी...”

“जरा सरका,” गुरुबसप्पा चप्पल शोधत म्हणाले. “चालू द्या तुमचं. मी ब्यांकेतून येतो.”

“आत्ता कशाला, अप्पा?” शिवकांताने विचारलं.

“पैसे काढाया. उद्या पाच तारीख. न्हाई काढले तर मशीन ओढून घेतंय.”

सगळ्यांनी गुरुबसप्पांकडे माना वळवल्या. अमरेश मात्र बोलतच होते, ते “पायांखालची फरशी”वर अडकले होते.

“अप्पा,” संगमेश्वर हळू आवाजात म्हणाला, “मशीननं ओढावं म्हणूनच भरतो की ओ मी.”

“येडा हाईस का? उद्या वार कोणता? गुरुवार! कर्ज मंगळवारी फेडायचं असतंय. मंगळवारी फेडलं की पुन्हा कर्ज व्हत न्हाई, माझ्या बापानं सांगितलंय. मशीनला काय वार कळतंय? म्हणून आदल्या दिवशी काढून देवघरात ठेवतो आन् मंगळवारी नेऊन भरतो. पाचला मंगळवारच आला तर मात्र हात लावत न्हाई.”

“काका, पण तारीख पाच आहे,” ऋतुजा म्हणाली.

“तारीख तुमची, बाई. वार आमचा.”

“आणि दंड?”

“माझ्या पदरचा!” गुरुबसप्पांनी छातीवर हात मारला. “एक हप्ता बुडवला न्हाई आजवर. विचारा कुणाला बी.”

बुडवला नव्हताच. आणि त्यांच्या वडिलांचं म्हणणंही अक्षरशः खरं ठरलं होतं. मंगळवारी फेडलं की पुन्हा कर्ज होत नाही. झालं नव्हतं. पाच ठिकाणी झालं नव्हतं.

“मला पहिल्यापासून घरातल्याच माणसाचा संशय होता,” अमरेश म्हणाले.

संगमेश्वर पोत्यावर बसला. “म्हणजे गाडी गेली.”

ऋतुजाने चटणीची पुडी पर्समध्ये टाकत विचारलं, “ताई, तुमच्या नावावर कधी कर्ज होतं?”

“बचत गटामार्फत ब्यांकेचं व्हतं. फिटलं.”

“हप्ते तारखेला?”

“तारखेलाच द्यावं लागतंय बाई. न्हाई दिलं तर गटातल्या साऱ्या बायका घरी येऊन बसत्यात. चहाचा खर्च हप्त्यापेक्षा जास्त.”

ऋतुजाने तिचा नंबर घेऊन मोबाइलवर मार्क पाहिले. मग मोबाइल संगमेश्वरसमोर धरला. शिवकांता आमच्या सगळ्यांपेक्षा पुढे होती, आणि हे तिला याआधी कोणी विचारलं नव्हतं. बँकेने नाही, नवऱ्याने नाही, आणि भारतवर्षातल्या एकमेव मेंदूनेही नाही.

फीसाठी अमरेश यांनी गुरुबसप्पांकडे हात पुढे केला. “मंगळवारी या,” ते म्हणाले. मंगळवारी गेलो. नांदेडहून परत आलेल्या चुऱ्याचं एक पोतं मिळालं. आम्ही ते अजून चमच्याने खातो आहोत.

व्हॅन शनिवारी आली, शिवकांताच्या नावावर. हप्ता दर महिन्याच्या दहा तारखेला कटतो. त्या खात्याचं कार्ड कुठे असतं, हे गुरुबसप्पांना माहीत नाही.