लांजेवारांच्या चिमीची सर्व्हिसिंग

लांजेवारकाका कोणाच्या घरी गेले की पाणी मागत नाहीत, आधी फ्रिज ऐकतात. शर्टाच्या खिशात, लोक पेन ठेवतात तिथं, त्यांचा एक लांब स्क्रू ड्रायव्हर असतो. त्याचं टोक फ्रिजच्या पाठीला टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. घरातली माणसं तोवर निकालाची वाट पाहत उभी. "कम्प्रेसर थकून राहिला भाऊ," असं सांगून ते पंख्याकडे वळतात आणि त्या घरच्या बाईनं केलेला चहा थंड होतो.

शहापूरला हायवेच्या अंगाला प्लॉट पाडून वसवलेलं आमचं ले-आऊट आहे. जवाहरनगरच्या फॅक्टरीतून निवृत्त झालेल्यांनी इथं घरं बांधली आणि भंडाऱ्यात स्टेशनरीचं दुकान चालवणारा माझ्यासारखा एखादा त्यांच्यात येऊन पडला. काका माझे भिंतीला भिंत लागून शेजारी. त्यांची सगळी नोकरी मेंटेनन्समध्ये गेली. निवृत्तीनंतर माणसं देवाच्या मागे लागतात, हे आमच्या बिजागऱ्यांच्या मागे लागले. त्यांना खुर्चीत बसलेलं मी पाहिलेलंच नाही. बोलता बोलता तुमचा नळ घट्ट करतील, स्कूटरची चेन ओढून बघतील, निघताना गेटला तेल घालतील. वर ऐकवतील, "चालू आहे तवरीच पाहा. बंद पडल्यावर तं कोनीबी पाह्यते."

अशा माणसाच्या घरात चिमी आहे. पांढरी, गरगरीत आणि उंबरठ्याबाहेर पाऊल न टाकणारी मांजर. ती काकूंनी आणली होती. पुढे काकूंना लकवा मारला, उजवा हात-पाय गेला, जीभ अडखळायला लागली. तेव्हापासून काकू पलंगावर आणि चिमी त्यांच्या पोटाशी. काकूंचं खाणंपिणं, अंघोळ, औषध सगळं काका एकटे करतात, आणि वर चिमीची सर्व्हिसिंग. सर्व्हिसिंग हा त्यांचाच शब्द. दरसाल लस, जंताचं औषध, दात, वजन, रक्त.

"काकाजी, घरातल्या मांजरीले काय होते?" ले-आऊटमधलं कोणी ना कोणी विचारतंच.

"काहून नाई होत? चालती मशीन आवाज देते. कोपऱ्यातली गुपचूप सडते. अन् रोग काय बेल वाजवून येते? तुमच्या चपलेले चिकटून येते." म्हणून त्यांच्याकडे जाणाऱ्यानं चपला गेटबाहेर काढायच्या. उन्हाळ्यात, भंडाऱ्याच्या उन्हात, अंगणाच्या फरशीवरून दारापर्यंत आम्ही कसे उड्या मारत जातो ते बघायला बाहेरून माणसं यावीत.

पहिल्या वर्षी त्यांनी चिमीला जनावरांच्या सरकारी दवाखान्यात नेलं होतं. तिथं बैल, म्हशी, बकऱ्यांची रांग. पुढच्या शेतकऱ्यानं वळून विचारलं, "बकरीचं पिल्लू हाय का जी?"

"मांजर आहे."

"काय झालं तिले?"

"काई नाई झालं. म्हनूनच आनली."

सगळी रांग हसायला लागली. बैल आजारी पडल्याशिवाय कोणी इथवर आणत नाही, आणि हा गृहस्थ धडधाकट मांजर घेऊन आलेला! डॉक्टर भला माणूस. त्यानं लस दिली आणि रक्त, दात वगैरे पाहायचं तर नागपूरला जा म्हणाला. तेव्हापासून दर साली नागपूर.

खर्चाचं मीही एकदा बोललो होतो. म्हटलं, "काकाजी, एवढ्यात दुभती बकरी येते." त्या वर्षी चिमीचे दात साफ करून आणले होते आणि काकांच्या स्वतःच्या दोन दाढा पडून तिथं खड्डे होते. सुपारी एका गालात धरून ते म्हणाले, "माहं काय, दुखलं तं मी बोंबलतो. ते कुठं सांगते?"

यंदा ते सकाळीच माझ्या गाडीला कान लावून उभे होते. "भाऊ, इले लंबी दौड पाहिजे. नागपूरपर्यंत मोकळी होईन." मी काय ते समजलो. माझी बायको काकूंपाशी बसली आणि आम्ही निघालो. चिमीसाठी त्यांनी जुन्या कूलरच्या पत्र्याचा डबा केला होता, कडा घासून गुळगुळीत, चारी बाजूंनी भोकं, आत काकूंचं जुनं लुगडं. मौदा येईपर्यंत त्यांनी तीनदा डबा उघडला, काच वरखाली केली आणि माझ्या डॅशबोर्डचा एक स्क्रू आवळला. चिमी भोकातून माझ्याकडे पाहत ओरडत होती. दुकान बंद ठेवून मी मांजरीचा ड्रायव्हर झालो होतो आणि मागून ट्रकवाले हॉर्न देत होते. माझं डोकं तापलं होतं हे कबूल करतो.

दवाखान्यात शहरातले न्हालेले-माखलेले कुत्रे पट्ट्यांना बांधून बसलेले. काका त्यांच्यामधून येरझारा घालत राहिले. डॉक्टर मॅडम वयानं लहान, पण कामाच्या. त्यांनी चिमीला तपासलं, रक्त घेतलं, आम्हाला थांबवलं आणि शेवटी आत बोलावलं. फॅक्टरीच्या खडखडाटात काकांचे कान अर्धे गेलेले, म्हणून मॅडमना मोठ्यानं सांगावं लागलं.

"किडनी थोडी कमजोर व्हायला लागलीय, काका. बाहेरून काही दिसलं नसतं. तुम्ही आणलं म्हणून वेळेत कळलं."

आता काका टाळी वाजवून माझ्याकडे वळतील, पाह्यलं का म्हणतील, अशी मी तयारी केली होती. ते वळलेच नाहीत. टेबलाची कड धरून उभे राहिले.

"किती चालन, मॅडम?"

"खाणं बदलू. पाणी भरपूर प्यायला हवं. सहा महिन्यांनी परत आणा. सांभाळलंत तर बरीच वर्षं राहील."

"बरीच नाई. लंबी चालवा," काका म्हणाले. "माही बुढी इच्याशीच बोलते. माह्याशी बोलाले गेली का शब्द अडकते, मंग रडते, मंग बोलनंच सोडते. मांजरीपुढं अडकत नाई तिचं. हे गेली तं माह्या घरात आवाज नाई राहनार."

मॅडम चिमीच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. बकरीचा हिशेब मी या माणसाला सांगितला होता.

परतीच्या वाटेवर काकांनी काच वरखाली केली नाही, मला दोनदा विचारलं मात्र, पाणी भरपूर म्हणजे किती भांडी ठेवायची. घरी पोचलो तर माझी बायको काकूंना भरवून बसली होती. काकांनी डबा पलंगावर ठेवला, झाकण काढलं आणि मला दंडाला धरून घाईघाईनं स्वयंपाकघरात ओढलं. माझ्या बायकोलाही खुणेनं बाहेर काढलं. पडद्याच्या फटीतून आम्ही पाहत होतो. चिमी काकूंच्या कुशीत शिरली. थोड्या वेळानं काकूंचे ओठ हलायला लागले, आवाज अगदी बारीक.

"आली काय वो? टोचली सुई? रडली नाई नं?" मग थांबून, "बाबा जेवला काय तुहा? नसन जेवला. हुभ्या हुभ्या फिरत असन. म्हन त्याले... म्हन, भिऊ नोको. मी इतक्यात कुठं जात नाई."

माझे डोळे भरून आले. काकांकडे पाहिलं तर ते काकूंकडे नाही, माझ्या तोंडाकडे पाहत होते.

"काय म्हनून राहिली?" त्यांनी हळूच विचारलं. "मले इथून नुसतं तोंड हालताना दिसते. जवळ गेलो का बंद करते."

मी त्यांच्या कानाशी वाकलो आणि सगळं सांगितलं, जसंच्या तसं. काका ओट्याला टेकले. शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं, परत पडद्याकडे पाहिलं.

"भाऊ," ते म्हणाले, "उद्याबी या जी. याच टायमाले."