जिन्यावरची शेंगा चटणी

डॉक्टर कलशेट्टींकडे पहिल्यांदा जाणार असाल, तर एखादा पदार्थ कसा करतात ते आठवून जा. सोलापुरात सात रस्त्याजवळच्या आमच्या कॅन्सर हॉस्पिटलात लिफ्ट आहे, चालूही असते, पण ती तुम्हाला मिळणार नाही. डॉक्टर तुम्हाला जिन्यापाशी नेतील आणि म्हणतील, "चला, माझ्याबरोबर चढा. चढता चढता शेंगा चटणी कशी करता ते सांगा." तुम्ही शेंगदाणे भाजायला घ्याल, लसणाशी जरा अडकाल, की शेजारून आवाज येईल, "मुंदे?" कानडीत मुंदे म्हणजे पुढे. आमच्या निम्म्या पेशंटना कानडी येतंच. उरलेल्यांना एवढा एक शब्द सरांनी शिकवलाय.

मी इथली सिस्टर. निवृत्तीला आलेय. गुडघे माझ्या आधीच निवृत्त झालेत. तरी या माणसाच्या मागे दिवसभर जिने चढते. कंटाळा आलाय, खोटं कशाला बोलू.

वेड आहे, पण त्याला बूड आहे. कॅन्सरची काही औषधं गाठीला मारतात आणि जाता जाता हृदयालाही थकवतात. सर मूळचे हृदयाचे डॉक्टर. कोणाचं हृदय थकायला लागलंय हे वेळेवर कसं ओळखायचं, हेच त्यांचं संशोधन. टूडी इकोच्या मशीनवर ते दिसतं, पण खेड्यात मशीन कुठून आणायचं? चढ मात्र सगळीकडे असतो आणि चटणी घरोघरी होते. बोलता बोलता दम लागून वाक्य कुठे तुटतं तिकडे कान द्यायचा आणि शंका आली की टूडीला पाठवायचं. हे ते तालुक्या-तालुक्यात फिरून आशाताईंना आणि गावच्या नर्सना शिकवतात. भर उन्हाळ्यात, पत्र्याच्या हॉलमध्ये, जेवणानंतर. फळ्यावर हृदय काढतात, ते दर वेळी वांग्यासारखं येतं. ताया पदर तोंडाला लावतात. मी डुलक्या आवरत बसते.

पुण्याच्या परिषदेत एका मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, "पण तुम्ही हे मोजता कशात?"

"सोलापुरात चटणीत मोजतो," सर म्हणाले. "तुमच्याकडे अळूवडी चालेल."

मी मागच्या रांगेत होते. तिथेच मान खाली घातली.

सरांनी लग्न केलेलं नाही. घरचं काही विचारलं की पेशंट आला म्हणून उठतात. पेशंट नसला तरी उठतात. इतकी वर्षं बरोबर काढली, पण हा माणूस घरी काय खातो हे मला सांगता येणार नाही.

तर मध्यंतरी एक गंमत झाली. सर माझ्या टेबलापाशी आले आणि गंभीरपणे म्हणाले, "सिस्टर, सगळ्या वॉर्डाने शेंगा चटणी सोडली का? जो तो ठेचाच सांगतोय."

चौकशी केली तर कळलं, की हे सांगोल्याकडच्या सुभद्राबाईंचं डोकं. स्तनाचा कॅन्सर, ऑपरेशन झालेलं, इंजेक्शनं चालू. बाई हुशार. त्यांनी इंजेक्शनच्या खोलीत बसल्या बसल्या बाकीच्या बायकांना शिकवलं होतं, "चटणी लई लांबती. ठेचा सांगायचा. मिरची, लसूण, मीठ, झालं. वरच्या पायरीपत्तुर त्वांड मिटून जायचं." दम दिसला तर डॉक्टर इंजेक्शन थांबवतात आणि इंजेक्शन थांबलं की आजार परत येतो, असं बायकांनी धरून ठेवलेलं. त्यात त्यांची काय चूक?

मला हसू आवरेना. सर हसले नाहीत. त्यांनी सुभद्राबाईंना त्याच दिवशी टूडीला पाठवलं. हृदय खरंच थकलेलं निघालं. इंजेक्शन थांबलं, हृदयाच्या गोळ्या सुरू झाल्या. "हृदय सावरलं की इंजेक्शन परत सुरू करू," सर पुन्हा पुन्हा सांगत होते. "फक्त तपासायला यायचं. नाही आलात तर उपचार अर्धा राहील, आणि ते वाईट."

बाई उठल्या. "हुतं त्ये औशद बी काडून घेतलं. आता कशाला यीऊ?"

आणि खरंच आल्या नाहीत. तारीख उलटली. मी फोन केले, त्यांनी कट केले. सर रोज सकाळी विचारत, "सुभद्राबाई?" मी मान हलवे. मग एक दिवस अक्कलकोटला ठरलेलं प्रशिक्षण सरांनी सांगोल्याला हलवलं. का, ते मी विचारलं नाही.

प्रशिक्षण उरकून आम्ही बाईंच्या वस्तीवर गेलो. डाळिंबाची बाग, कडेला शेळ्या. बाईंनी पाणी दिलं, पण चेहरा बंद.

"मशीन आणलंय व्हय?"

"नाही."

"मग काय बगायला आला?"

"जरा बांधावरून चालू या."

"चालते. पन चटनी न्हाय सांगायची मी."

"नका सांगू," सर म्हणाले.

तिघं चालायला लागलो. कोणीच बोलेना. सरांच्या तोंडून एकदाही मुंदे निघालं नाही, तेव्हा मला पहिल्यांदा त्यांची काळजी वाटली. शेवटी बाईंनाच ते सोसवेना. त्या म्हणाल्या, "तुमीच सांगा की कायतरी. तुमच्यात काय करत्यात?"

सर गडबडले. हे त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. "हुग्गी," ते म्हणाले. "गव्हाची खीर. खपली गहू भिजवायचा. मग कांडायचा, साल जाईपर्यंत. मग तो..."

इथे ते थांबले.

"मग?" बाई म्हणाल्या.

"आई करायची," सर म्हणाले. "तिला कॅन्सर झाला तेव्हा मी हृदयाचं शिकायला लांब होतो. रोज फोन करायचो. बोलता बोलता ती मध्येच थांबायची. मला वाटायचं, रेंज गेली. विचारलं तर म्हणायची, हो रे, इथं रेंजच नसते बघ."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. इतकी वर्षं मी या माणसाची टिंगल करत जिने चढले आणि तो प्रत्येक पायरीवर काय ऐकायला बघत होता, ते मला माहीत नव्हतं. मी डाळिंबं बघत राहिले.

बाई मात्र सरांकडेच बघत होत्या. म्हणाल्या, "तुमाला घोर नगं म्हनून लपावलं आसंल त्या माऊलीनं. आमी न्हाय का ठेचा सांगितला? बायका आसंच करत्यात, डाक्टर. तुमी तरी काय करनार."

सरांनी चष्मा काढून पुसला.

"सोमवारी येते मी टूडीला," बाई म्हणाल्या. "पन ती खीर आर्ध्यात सोडू नका. सगळी सांगा."

सर सांगायला लागले, हळूहळू, आठवून आठवून. खीर पुरी व्हायला तो बांध पुरला नाही. टोकाला जाऊन आम्ही परत फिरलो तेव्हा गहू नुकताच शिजला होता आणि गूळ घालायचा राहिला होता.