सीतारामजींचे समुद्रकिडे

तेजीच्या तिसऱ्या वर्षी, पौषात, अमरावतीच्या कापूस बाजारात सीतारामजींनी समुद्रातल्या एका केसाळ किड्याला ‘बनी’ ठरवले. त्याच दिवशी सकाळी चौदा गाड्या कापूस त्यांनी ‘जरी’ म्हणून बाजूला काढला होता.

सीतारामजी कापसाचे पारखी. चिमूटभर कापूस दोन अंगठ्यांत धरून ओढायचा आणि प्रत सांगायची, हे त्यांचे काम. लांब धागा बनी, आखूड धागा जरी. मी शेजारी काट्यावर असे. दुपारी गाड्या सुटल्या की ते बरणी काढत, दारूत ठेवलेला किडा काडीने पितळी ताटलीत घेत आणि मला वहीत लिहायला लावत. त्यांना लिहिता येत नव्हते.

“अंगाले साठ कडे. दर कड्याच्या दोनी अंगानं केसाचा झुबका. केस ताठ, चमक चांगली. प्रत बनी.”

नळीत राहणारे, चिखलात वळवळणारे आणि पोहणारे, असे तीन वर्ग त्यांनी पाडले होते. समुद्र त्यांनी पाहिला नव्हता.

दलाल रहीमभाई विचारत, आता किड्यांचीही गंजी लावणार का. “तुमच्या मालापक्षा धागा बरा हाय,” असे उत्तर मिळे.

बरण्या उरणहून येत. त्यांची मुलगी गोदी तिथे दिली होती; जावई अकोल्याचा, मिठागराच्या कचेरीत नोकरीला. गोदीलाही लिहिता येत नव्हते. खुशालीचे पत्र जावई पाठवी. सीतारामजी ते माझ्याकडून वाचून घेत आणि घडी घालून ठेवत.

“जावई दरखेपी तेच लिवते. किडे मातर पोरगी सोता धरते.”

बरणीचे तोंड ती कापसाच्या सुताने बांधे. गठ्ठ्याला मारतात तशी दुहेरी गाठ, बापानेच शिकवलेली. बरणी आली की ते आधी गाठ चाचपत. मग म्हणत, “खुशाल हाय.”

फाल्गुनातल्या बरणीला काथ्या होता आणि गाठ एकेरी. सीतारामजींनी गाठ चाचपली. बरणी तशीच फळीवर ठेवली. त्या दिवशी आलेल्या प्रत्येक गाडीला त्यांनी बनी सांगितले. शेवटी रहीमभाईंनीच आपला माल जरी असल्याचे कबूल केले आणि त्यांना हाताला धरून सावलीत बसवले.

आठ दिवसांनी जावयाचे पत्र आले. मी वाचले. गोदी तापाने गेली होती. बरणी तिने आजारी पडण्याआधी भरून ठेवली होती. तोंड जावयाने बांधले.

सीतारामजींनी काथ्या सोडला. आत एकच किडा होता. दुपारभर ते त्याचे वर्णन सांगत राहिले. चार पाने झाली. प्रत काय लिहू, मी विचारले.

“राहू दे,” ते म्हणाले.

वही माझ्याकडे आहे. त्या पानावर प्रतीपुढची जागा कोरी आहे.