चरबीला पुराव्याचा दर्जा नाही

मंगळवारी दुपारी कोलंबियातल्या मनिसालेस शहरातली एक शालेय बस सतरा मुलांसह न्हाव्याच्या दुकानात शिरली. कुणाला खरचटलंही नाही. चालक एलिएसेरकाका स्टिअरिंगवर डोकं टेकून घोरत होते.

नियमाप्रमाणे त्यांचं रक्त झोपेच्या गोळीच्या तपासणीला गेलं. उपाशी कामगाराचं रक्त काढणं संघटनेच्या करारात बसत नसल्यामुळे आधी त्यांना जेवू घातलं: राजमा, तळलेलं डुकराचं मांस, अंडं, आणि आग्रहाचं थोडं डुकराचं मांस. नळीत उतरलेलं रक्त स्ट्रॉबेरीच्या मिल्कशेकसारखं दिसत होतं.

शुक्रवारी अहवाल आला: औषध आढळले नाही. सोमवारपासून काका कामावर. यामिलेची पाच वर्षांची मुलगी नोएलिया त्याच बसने जाई. यामिले औषधशास्त्र शिकलेली. तिने थेट प्रयोगशाळा गाठली.

"गढूळ रक्त यंत्राला चालत नाही, ताई," प्रयोगशाळेचे प्रमुख बेरिओसाहेब म्हणाले. "आम्ही ते गरगर फिरवलं, वर आलेली चरबीची साय काढून टाकली, खालचं तपासलं. एकदम स्वच्छ!"

"अहो, पण ती गोळी चरबीत विरघळते. सायीबरोबर तीच गेली असणार!"

"शक्य आहे."

"मग साय तपासा ना!"

"अर्जावर 'रक्त' लिहिलंय. चरबीला पुराव्याचा दर्जा नाही."

"कुठंय ती साय?"

"बेसिनमध्ये ओतली. तेव्हापासून तुंबलंय मेलं."

महिन्याभरात वाहतूक कार्यालयाने तपासणीपूर्व भोजनात मांसाचा वाटा दुप्पट केला. निर्दोष चालकांचं प्रमाण वाढून प्रयोगशाळेला प्रशस्तिपत्र मिळालं. फक्त एक चालक दोषी सापडला. तो शाकाहारी निघाला. 'आहारात शिस्त नाही' असा शेरा मारून त्याला बडतर्फ केलं.

मग पालकांच्या सहीसाठी शाळेचं पत्रक आलं: 'अहवाल वाचला, समजला, हरकत नाही.' हरकत असणाऱ्यांनी पाल्याची ने-आण स्वतः करावी.

"यामिले, तू फार विचार करतेस गं," शेजारची ओलिवा म्हणाली. "वेळेवर येते ना बस? झालं तर!"

शाळा चार किलोमीटर चढावर. यामिलेचं ऑफिस आठला.

सोळा घरांनी पत्रक न वाचता सही केली. यामिलेने ते तीनदा वाचलं, प्रत्येक शब्द नीट समजून घेतला, आणि सगळ्यांच्या खाली स्वच्छ अक्षरात सही केली.